वर्गनिरीक्षणानंतर शिक्षक गप्प झाले आहेत. मुख्याध्यापकाने सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : पदोन्नत मुख्याध्यापिका (जि. प. शाळा, पहिली ते सातवी)

सर्वांना नमस्कार.

गेल्या जूनमध्ये मी पदोन्नतीने एका जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापक म्हणून रुजू झाले. पट १९०च्या आसपास आहे आणि माझ्याखेरीज सात शिक्षक आहेत, म्हणजे वर्गागणिक एक. त्याआधी अठरा वर्षे मी वर्गावरच होते, त्यामुळे या खुर्चीची सवय अजून झालेली नाही, हे आधीच सांगते. शाळा वाईट नाही. शिक्षक वेळेवर येतात, पाठांची टाचणे लिहितात, परिपाठ नीट होतो. तरीही इथे प्रत्येक जण आपल्या वर्गाचे दार लावून एकट्याने शिकवतो आणि माझ्या हातून ते दार आणखी घट्ट बसले आहे, असे मला वाटू लागले आहे.

झाले असे की, ऑगस्टमध्ये मी नियमाप्रमाणे वर्गनिरीक्षणे सुरू केली. तिसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी चालू होती. फळ्यावर ५२ वजा ३८ हे उदाहरण होते आणि मी ज्या वह्या पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकांमध्ये उत्तर २६ आले होते. लॉगबुकात, म्हणजे निरीक्षणाच्या नोंदवहीत, मी लिहिले, ‘बहुसंख्य विद्यार्थ्यांना हातच्याची वजाबाकी येत नाही. शैक्षणिक साहित्याचा वापर आढळला नाही. सुधारणा अपेक्षित.’ बाईंनी ते वाचले, सही केली आणि काही न बोलता वही परत दिली. दुसऱ्या दिवसापासून सातही जणांची टाचणे अतिशय देखणी झाली, मथळ्यांखाली लाल रेघा आल्या. मात्र शनिवारच्या बैठकीत ‘कुणाला काही अडचण?’ असे विचारले की एकच उत्तर मिळते, ‘काही नाही मॅडम, सगळं व्यवस्थित आहे.’ पुढे चाचणीत तिसरीच्या २८ मुलांपैकी १७ जणांची वजाबाकी चुकली, तेव्हा व्यवस्थित काय आहे ते कळले. खेदाची गोष्ट अशी की, शेजारच्या चौथीचे गुरुजी काड्यांचे गठ्ठे सोडवून हीच वजाबाकी फार छान शिकवतात. दोन्ही वर्गांमध्ये एकच भिंत आहे.

सप्टेंबरमध्ये मी कार्यालयाबाहेर ‘या महिन्याचा आदर्श वर्ग’ असा फलक लावला. हेतू प्रोत्साहनाचा होता, परंतु आता तक्तेसुद्धा एकमेकांना मागितले जात नाहीत. सगळे तालुक्याच्या गावाहून दोन गाड्यांनी येतात, एकीत चौघे आणि दुसरीत तिघे, आणि पाच वाजता दोन्ही गाड्या निघतात. दोघे सहकारी माझ्यापेक्षा वयाने मोठे आहेत.

शिक्षकांनी एकमेकांकडून शिकावे, अडचण मोकळेपणाने सांगावी, असे वातावरण मुख्याध्यापकाने प्रत्यक्षात कसे तयार करावे? प्रशिक्षणांत ऐकलेली तत्त्वे मला पाठ आहेत. मला पहिले पाऊल कोणते टाकावे, ते हवे आहे.

उत्तर : निवृत्त केंद्रप्रमुख

मॅडम, आधी तो फलक काढा आणि काढताना त्याचे कारण बैठकीत स्वतः सांगा. नाहीतर अमुक बाईंचा वर्ग आदर्श ठरू नये म्हणून काढला, अशी चर्चा दोन्ही गाड्यांत होईल. एका वर्गाला आदर्श म्हटले की उरलेले सहा आपोआप काय ठरतात, हे मुलांनासुद्धा कळते.

आता लॉगबुकाविषयी. तुम्ही जे लिहिले ते खरे होते, आणि तरीही बाई गप्प झाल्या, यात मला नवल वाटत नाही. लेखी शेऱ्याचा अर्थ आपल्या खात्यात प्रत्येकाला नोकरीच्या पहिल्याच वर्षी समजतो. ती वही उद्या विस्तार अधिकारी उघडतील, परवा गटशिक्षणाधिकारी विचारतील, आणि ज्या हाताने तो शेरा लिहिला त्याच हाताने वर्षअखेरीस गोपनीय अहवाल भरला जाणार आहे. अशा हातासमोर ‘मला हे शिकवायला जमत नाही’ असे म्हणायला माणूस एकतर भाबडा हवा किंवा त्याचा त्या हातावर पुरता विश्वास हवा. तुमच्या शिक्षकांनी तुम्हाला अजून चारच महिने पाहिले आहे.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. माझ्या केंद्रात, म्हणजे मी पाहत असलेल्या जवळच्या शाळांच्या गटात, दर महिन्याला शिक्षकांची शिक्षण परिषद भरत असे. पहिल्या तासात परिपत्रकांचे वाचन आणि दुसऱ्या तासात एखाद्या शिक्षकाचा आदर्श पाठ, असा शिरस्ता होता. तो पाठ आठवडाभर घोटून घेतलेला असायचा, इतका की काही वेळा प्रश्न पूर्ण होण्याआधीच मुलांचे उत्तर यायचे. आम्ही टाळ्या वाजवायचो, चहा घ्यायचो आणि आपापल्या शाळेत परतून पूर्वीसारखेच शिकवायचो. पाच वर्षांत मी एकाही शिक्षकाला दुसऱ्याच्या पाठानंतर खरा प्रश्न विचारताना ऐकले नाही.

एकदा ठरलेले शिक्षक आजारी पडले म्हणून चौथीचा अपूर्णांकांचा पाठ मलाच घ्यावा लागला. तयारी नव्हती. एका मुलीने ठामपणे सांगितले की एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा मोठा, कारण चार तीनपेक्षा मोठे आहेत. मी फळ्यावर भाकरी काढली, तिचे तीन तुकडे केले, चार तुकडे केले, पुन्हा समजावले. शेवटी तिने मान डोलावली, पण ती माझी दया येऊन डोलावली, हे मागे बसलेल्या चाळीस शिक्षकांना स्पष्ट दिसले. पाठ संपल्यावर मी म्हणालो, ‘तिला पटलेलं नाही. मी कुठे चुकलो?’ क्षणभर शांतता होती. मग एक तरुण शिक्षिका उठल्या आणि म्हणाल्या की माझ्या दोन्ही भाकऱ्या सारख्या आकाराच्या नव्हत्या. त्या दिवशी परिषद साडेपाचपर्यंत चालली आणि घड्याळाकडे कोणी पाहिले नाही. पुढे हे मी मुद्दाम करू लागलो, परंतु ती अक्कल मला अपघाताने आली, हे मान्य केले पाहिजे.

म्हणून पहिले पाऊल विचारता, तर ते हे : जो घटक तुम्हाला स्वतःला अवघड जातो, त्यावरचा पाठ तुम्ही घ्या आणि शिक्षकांना मागे बसवा. त्या वेळी लॉगबुक कपाटात राहू द्या.

एक विषयांतर करतो. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळा) शाळांची कीर्ती पसरली, तेव्हा राज्यभरातून शिक्षक तिथे पाहायला जात होते. आमच्याही केंद्रातले गेले. परत आल्यावर सगळ्या शाळांनी फरश्यांवर संख्यारेषा आणि अक्षरे रंगवून घेतली. रंग स्वस्त होता आणि फोटोत दिसत होता. शिक्षक एकत्र बसून मुलांच्या शिकण्याविषयी बोलतात, ही गोष्ट मात्र फोटोत येत नाही, म्हणून ती आमच्याकडे आलीच नाही. जवळच्या शाळांनी एकमेकींचा आधार व्हावे ही कल्पना तशी जुनी आहे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शाळासंकुलांची शिफारस केली होती आणि आपल्या कोल्हापूर भागात घडलेले जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. माझ्यासारख्या केंद्रप्रमुखांनी तिचे माहिती गोळा करण्याचे केंद्र करून टाकले, हा आमचा दोष आहे.

उत्तर : उपशिक्षिका, बावीस वर्षे वर्गावर

मॅडम, मी दुसऱ्या बाजूने लिहिते, म्हणजे त्या गाडीतून.

आम्ही पाच जणी रोज पाऊण तास जाताना आणि पाऊण तास येताना बोलतो, आणि निम्म्याहून अधिक बोलणे मुलांविषयी असते. कोणाला जोडाक्षरे जमत नाहीत, कोणाच्या घरी काय चालले आहे, कोणता खेळ वर्गात रंगला, हे सगळे तिथे निघते. तुमच्या शाळेतही सहकार्य असणारच. ते फक्त शाळेच्या फाटकाबाहेर आहे आणि गाडीच्या आसनसंख्येइतकेच आहे. आपल्याला दोन गट दिसतात तेव्हा त्यामागे फार मोठे वैर असेलच असे नाही. बरेचदा कोण कोणत्या चौकात राहतो आणि डिझेलचा हिशेब कोणाशी जुळतो, एवढेच कारण असते. तिसरीच्या बाई आणि चौथीचे गुरुजी वेगवेगळ्या गाड्यांत आहेत का, हे एकदा पाहा.

माझ्या आधीच्या शाळेत एक मुख्याध्यापक होते, त्यांच्याविषयी सांगते. सहकार्य हा शब्द त्यांनी कधी उच्चारल्याचे मला आठवत नाही. रात्री नऊला मोबाइलवरच्या गटावर ‘तात्काळ’ म्हणून एखादा तक्ता येऊन पडला, तर तो ते स्वतः भरायचे आणि सकाळी फक्त राहिलेले दोन आकडे विचारायचे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामे सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये, असे म्हटले आहे, परंतु कायद्यातला शब्द आणि मोबाइलवरचा संदेश यांच्यामध्ये कोणीतरी उभे राहावे लागते. आमचे सर उभे राहायचे. मतदार यादीच्या कामात मी दोन महिने अडकले होते, तेव्हा माझ्या वर्गाला रोज एक तास त्यांनी शिकवले आणि कोणत्या मुलाचे कुठे अडते, ते एका चिठ्ठीवर लिहून माझ्या टेबलावर ठेवले. त्या चिठ्ठ्यांनी मला जे शिकवले ते कोणत्याही लॉगबुकाने शिकवले नाही.

दुसरा प्रसंग. माझ्या वर्गातल्या एका मुलाला खेळताना लागले आणि त्याचे काका व्हरांड्यात येऊन मोठ्याने बोलू लागले. सरांनी त्यांना आत नेले, पाणी दिले आणि म्हणाले, ‘बाई माझ्या शाळेच्या आहेत. त्यांच्याबद्दलचं उत्तर मी देईन.’ तीन दिवसांनी मला एकटीला बोलावून त्यांनी विचारले की त्या वेळी मैदानावर कोण होते. कोणीच नव्हते, आणि चूक माझी होती. ती मी लगेच सांगितली. लोकांसमोर सांभाळून घेतलेल्या माणसाला एकांतात खोटे बोलवत नाही, निदान मला बोलवले नाही.

एक धोकाही लक्षात घ्या. सहकार्य म्हणता म्हणता चौथीच्या गुरुजींच्या गळ्यात सगळ्या शाळेची वजाबाकी पडेल, तक्ते त्यांनीच करायचे, गठ्ठे त्यांनीच बांधायचे, पाहुणे आले की पाठ त्यांचाच. मग वर्षभरात तेही ‘सगळं व्यवस्थित आहे’ म्हणू लागतील.

प्रश्नकर्तीचे म्हणणे

दोघांचेही मनापासून आभार. तुम्ही म्हणता तसे तिसरीच्या बाई आणि चौथीचे गुरुजी खरोखरच वेगवेगळ्या गाड्यांत आहेत. फलक आज सकाळी काढला.

दोन शंका आहेत. पहिली, शिक्षकाला मोकळे वाटावे म्हणून मी उणिवा लिहायच्याच नाहीत का? ज्या १७ मुलांना वजाबाकी येत नाही, त्यांच्याशी ती अप्रामाणिकता होईल. दुसरी अगदी व्यवहारातली आहे. सात वर्ग आणि सात शिक्षक असताना एक जण दुसऱ्याचा पाठ पाहायला गेला, तर त्याच्या वर्गाचे काय करायचे?

उत्तर : अधिव्याख्याता, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था

तुमची पहिली शंका महत्त्वाची आहे, कारण आधार देणे म्हणजे चालवून घेणे, असा समज आपल्याकडे बराच रूढ आहे. एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेचा एक अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांकडून औषधे देताना किती चुका होतात, हे त्या पाहत होत्या. चांगले नेतृत्व आणि चांगले संबंध असलेल्या गटांत चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात अशा गटांत नोंदवलेल्या चुका अधिक निघाल्या. शोध घेतल्यावर उलगडा असा झाला की, तिथे चुका बोलून दाखवण्याची भीती नव्हती, म्हणून त्या नोंदीपर्यंत पोहोचत होत्या. शाळेला हे जसेच्या तसे लावता येणार नाही, तरी तुमच्या शनिवारच्या बैठकीबद्दल ते बरेच सांगते. ज्या शाळेत कोणालाच अडचण नाही, त्या शाळेची मला नेहमी अधिक काळजी वाटते.

तेव्हा लॉगबुक बंद करू नका, त्यातली भाषा बदला. ‘वजाबाकी येत नाही’ हा निकाल आहे. ५२ वजा ३८ बरोबर २६ हे उत्तर काढणाऱ्या मुलाला वजाबाकी येतच नाही, असे नसते. पाचातून तीन गेले दोन राहिले, आणि दोनातून आठ जात नाहीत म्हणून त्याने आठातून दोन काढले, सहा राहिले. ‘मोठ्यातून लहान काढायचे’ असा नियम त्याने स्वतः तयार केला आहे आणि तो नियम एक अंकी वजाबाकीत त्याच्या कधीच आड आलेला नाही. वहीत एवढेच लिहा : किती मुलांनी २६ लिहिले, कोणी वेगळे उत्तर काढले, पुढच्या पंधरवड्यात काय करून पाहायचे ठरले, आणि त्यात मुख्याध्यापक म्हणून तुम्ही काय करणार आहात. शेवटची ओळ विसरू नका. ज्या नोंदीत लिहिणाऱ्यावरही काही जबाबदारी येते, ती नोंद वाचताना समोरच्याची मान खाली जात नाही.

दुसऱ्या शंकेचे उत्तर तुमच्या पदातच आहे. आठवा माणूस तुम्ही आहात. तिसरीच्या बाई चौथीत बसतील, तेव्हा तिसरीचा वर्ग तुम्ही घ्यायचा. मुख्याध्यापकाने दिलेला एक तास सहकाऱ्यांना त्याच्या दहा भाषणांपेक्षा अधिक काही सांगून जातो. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकासाठी आठवड्याचे ४५ तास धरलेले आहेत आणि त्यांत तयारीचे तासही मोजलेले आहेत. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावरचा एक तास माहितीच्या तक्त्यांतून सोडवून घेता आला, तर चर्चेची जागाही मिळते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्याही व्यावसायिक विकासासाठी वर्षाला ५० तास सुचवले आहेत. ते सगळे पडद्यासमोर बसूनच भरले पाहिजेत, असे मला वाटत नाही.

जपानमध्ये ‘जुग्यो केन्क्यू’ नावाची रीत अनेक पिढ्यांपासून रुजलेली आहे. काही शिक्षक मिळून एकच पाठ आखतात, एक जण तो घेतो, बाकीचे पाहतात आणि नंतर चर्चा होते. यातली मला सर्वांत उपयोगी वाटणारी बाब अशी की, पाठ पाहणाऱ्यांचे लक्ष शिक्षकावर नसून मुलांवर असते. मागे बसणाऱ्या प्रत्येकाने तीन-चार मुले वाटून घ्यायची आणि ती काय लिहितात, कुठे थांबतात, शेजारच्याला काय विचारतात, एवढेच टिपायचे. पाठ सगळ्यांनी मिळून आखलेला असल्यामुळे फसला तरी तो एकट्याचा फसत नाही. तिथे एका पाठावर कित्येक आठवडे खर्च होतात, तेवढा वेळ आपल्याकडे मिळणार नाही. दोन महिन्यांतून एक पाठ झाला तरी पुरे. त्याचा अहवाल, फोटो आणि दैनिकातली बातमी मात्र पहिले वर्षभर कटाक्षाने टाळा.

उत्तर : शाळा व्यवस्थापन समितीचा एक अध्यक्ष

मी शिक्षक नाही, पालक आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. कायद्याप्रमाणे समितीत तीनचतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. प्रत्यक्षात आम्हाला इतिवृत्तावर सही करायला बोलावतात. गेल्या वर्षी आमच्या मुख्याध्यापकांनी एका सभेत गैरहजर मुलांची यादी वाचली आणि कारण विचारले. शाळेला वाटत होते की मुलांना अभ्यासाचा कंटाळा आहे. समितीतल्या दोन बायांनी सांगितले की कापूस वेचणीला आई पहाटे जाते आणि धाकट्याला सांभाळायला मोठी मुलगी घरी राहते. मग त्या मुलींना धाकट्या भावंडांसह शाळेत येऊ द्यायचे आणि भावंडांना अंगणवाडीत बसवायचे, असा मार्ग निघाला. तुमची अडचण शिक्षकांमधली आहे, तरी शिक्षकांनी एकमेकांशी बोलावे असे वाटत असेल, तर आमच्याशीही बोलावे, एवढीच विनंती.

प्रश्नकर्ती, तीन आठवड्यांनी

जे झाले ते कळवते. मी पाचवीत भागाकाराचा पाठ घेतला. ६१२ भागिले ६ हे उदाहरण मुद्दाम निवडले होते, कारण उत्तरातले मधले शून्य विसरून मुले १२ लिहितात आणि मला वर्गावर असतानाही ते कधी नीट समजावता आले नव्हते. पाठ मधल्या सुट्टीनंतर होता. पहिली आणि दुसरीची मुले समितीतल्या दोन मातांनी मैदानावर सांभाळली, त्यामुळे पाच जणांना मागे बसता आले. तिसरीच्या बाई आल्या होत्या, चौथीचे गुरुजीही आले होते. त्यांचे वर्ग उरलेल्या दोघांनी पाहिले. अकरा मुलांनी १२ लिहिले.

शनिवारी चर्चेला बसलो. मी विचारले आणि पहिली काही मिनिटे कोणीच बोलले नाही. मग वयाने सर्वांत मोठे असलेले गुरुजी ‘पाठ उत्तम झाला’ म्हणाले, तेव्हा वाटले की संपले सगळे. त्यानंतर तिसरीच्या बाईंनी आपला कागद उलगडला आणि खाली पाहतच वाचले, ‘खिडकीजवळच्या दोन मुली. सुरुवातीला दोघींचेही उत्तर बरोबर होते. मॅडमनी तीन वेळा विचारले, म्हणून त्यांनी ते खोडून १२ केले.’ मला हे अजिबात दिसले नव्हते. चौथीचे गुरुजी म्हणाले, असे त्यांच्याही वर्गात होते, आणि त्यापुढे दहा-पंधरा मिनिटे ती दोघेच बोलत होती. बाकीच्यांनी फारसा भाग घेतला नाही. एक सर तर पूर्ण वेळ मोबाइल पाहत होते, हेही सांगायला हवे.

आता पुढचा पाठ कोणी घ्यायचा, हे मी अजून विचारलेले नाही. विचारावे की कोणी आपणहून पुढे येण्याची वाट पाहावी?

उत्तर : निवृत्त केंद्रप्रमुख

वाट पाहा. तोवर पुढचा पाठही तुम्हीच घ्या, आणि तो त्या मोबाइलवाल्या सरांच्या वर्गात घ्या.